मुळेच्या काठी वल्ह्याचा श्रीगणेशा

*वर्गात पाण्याचा दाब आणि प्रवाह यांची गणिते सोडवायची आणि पहाटे तेच पाणी अंगावर घ्यायचे! पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब अनेक पिढ्यांपासून हा दुहेरी अभ्यासक्रम चालवतो आहे. जन्मात होडीत न बसलेली मुले तिथे वल्हे धरायला कशी शिकतात? आणि ज्या नदीवर ती शिकतात, त्या नदीचे काय?*

सकाळचे सहा वाजलेले. शिवाजीनगरच्या बाजूने पहिल्या बसगाड्यांची घरघर ऐकू येते आहे. संगमाजवळ मुळेच्या काठावर मात्र वेगळीच गडबड असते. कोणी लाइफ जॅकेटचे बंद आवळतो आहे, कोणी खांद्यावर होडी घेऊन उतारावरून पावले जपून टाकतो आहे. पाण्याच्या कडेला एखादा नवखा मुलगा किंवा मुलगी उभी असते. समोर जेमतेम कमरेइतकी रुंद, लांबट, टोकदार होडी. मागून सूचना येते, "मधोमध पाय ठेव. कडेला नको. खाली वाक, मग बस."

ऐकायला सोपे वाटते. पण पाऊल ठेवताच होडी अशी काही डगमगते की, सीईटीच्या निकालाच्या दिवशीही छाती इतकी धडधडली नसेल! आदल्या रात्री घरी फोन झालेला असतो. "अरे, नीट पोहता येत नाही आणि होडी कसली चालवतोस?" असे आईने विचारलेलेही असते. त्या प्रश्नाला मुलाकडे उत्तर नसते. उत्तर मिळते ते पुढच्या तीन-चार आठवड्यांत, पाण्यावरच.

पहिला हक्क पाण्याचा

पुण्याचे हे महाविद्यालय १८५४ साली 'पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' या नावाने सुरू झाले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यासारखा पाण्याचा जादूगार इथलाच विद्यार्थी. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे आजही इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांना आदराने सांगितले जातात. २०२२ मध्ये या संस्थेला तंत्रशास्त्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पण पुणेकरांच्या तोंडी ते अजून 'सीओईपी'च आहे आणि त्याचा बोट क्लब म्हणजे नुसता 'बोट क्लब'.

हा क्लब मुळेच्या काठावर का वसला, याचे उत्तर भूगोलात आहे. मुळा आणि मुठा जिथे भेटतात तो संगम इथून हाकेच्या अंतरावर. खाली बंडगार्डनला सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात बांधलेला बंधारा आहे. नदी तिथे अडते, त्यामुळे वरच्या अंगाला पाणी तुंबून राहते. उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या बहुतेक नद्यांचे वाळवंट होते. होडी चालवायला लागते ते संथ, पुरेसे खोल पाणी. ते शहराच्या मधोमध मिळणे हे पुण्याचे भाग्य. त्याच पाण्याच्या भरवशावर इंग्रजांनीही इथे वल्हवण्याची हौस भागवली.

महाविद्यालयाच्या रेगाटाची, म्हणजे होड्यांच्या जलशाची परंपरा १९२८ पासूनची सांगितली जाते. विशेष म्हणजे क्लबचा कारभार विद्यार्थीच पाहतात. होड्यांची डागडुजी, नव्या मुलांचे शिक्षण, सरावाचे वेळापत्रक आणि रेगाटाची तयारी हे सगळे मुलांच्याच हाती. यंदा शिकलेला पुढच्या वर्षी शिकवतो. दिवा दिव्याने लागतो, तसा हा हिशेब.

एक पाणी, चार तऱ्हा

"होडी ती होडी, तिच्यात काय एवढे?" असे विचारणाऱ्यांनी एकदा बोट क्लबच्या शेडमध्ये डोकावावे.

कयाक ही नवख्याची पहिली मैत्रीण. आर्क्टिकच्या बर्फाळ प्रदेशातल्या इन्युइट लोकांनी सीलच्या कातड्याने मढवून बनवलेली ही शिकारीची होडी. बसायचे पाय पुढे लांब करून. हातात दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. कनू ही तिची उत्तर अमेरिकेतली चुलत बहीण. तिच्यात शर्यतीच्या वेळी एक गुडघा टेकून बसतात आणि वल्ह्याला पाते एकच असते. पंट ही सपाट बुडाची, चौकोनी टोकांची होडी. दिसायला बोजड, पण चार माणसांना अंगावर घेणारी, आजीसारखी भरवशाची.

आणि शेल? ती घरातली तालेवार सून! लांब, अरुंद, हलकी आणि भलती नाजूक. एकट्याने वल्हवायची शर्यतीची शेल सुमारे आठ मीटर लांब असते आणि तिचे वजन अवघे चौदा किलोच्या आसपास. आठ जणांची होडी जवळपास अठरा मीटर लांब. त्यातही दोन जाती. प्रत्येकाच्या हाती एकच लांब वल्हे असेल तर ते स्वीप, दोन्ही हातांत एकेक असेल तर स्कल.

कयाक आणि शेल यांत एक गमतीचा फरक आहे. कयाकवाला तोंड पुढे करून जातो. शेलमधला मात्र जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो आणि पाठमोराच पुढे जातो. कुठे चाललो ते त्याला दिसत नाही, कुठून आलो तेवढेच दिसते. म्हणून काही शेलमध्ये एक सुकाणूवाला बसवतात. तो वल्हे मारत नाही, डोळे आणि आवाज मात्र त्याचेच.

मराठी मुलखाला या विद्या अगदीच परक्या आहेत असे नाही. सांगलीला कृष्णेवर होड्यांच्या शर्यती रंगतात तेव्हा दोन्ही काठ माणसांनी फुलून जातात. कोल्हापूरकडे पूर आला की, गुळाच्या गुऱ्हाळातली काहिलच होडी होते आणि वाड्यावस्त्यांवरची माणसे तिच्यातून सुरक्षित जागी येतात. कोकणातल्या खाडीवर तर पोर चालायला शिकते न शिकते तोच होडीत बसते. पण लातूर, जालना, बुलढाण्याकडून शिकायला आलेल्या मुलाने पाण्याशी दोस्ती कुठे करायची? त्याच्या गावात पाणी टँकरने येते. त्याच्यासाठी ही मुळा म्हणजे पहिलीच मोठी नदी.

पहिला धडा बुडण्याचा

वल्हवण्याच्या शिकवणीची सुरुवात वल्ह्याने होत नाही, पोहण्याने होते. कोणत्याही शिस्तीच्या क्लबात आधी पोहण्याची परीक्षा असते. पोहता येत नसेल तर आधी तलाव, मग नदी. देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून दगावतात, अशी सरकारी नोंद आहे. त्यांतली कितीतरी मुले सहलीला, पोहायला, फोटो काढायला गेलेली असतात. म्हणून या नियमाला अपवाद नाही. लाडका असो की तालेवार घरचा, परीक्षा सर्वांना एकच.

मग येतो खरा श्रीगणेशा. होडी मुद्दाम उलटी करायची! नवख्यांना हे अजब वाटते. शिकायला आलो होडी चालवायला आणि हे तर बुडवायलाच निघाले. पण त्यामागे शहाणपण आहे. आज ना उद्या होडी उलटणारच. ती पहिल्यांदा उलटते तेव्हा आजूबाजूला शिकवणारे असावेत, पाणी ओळखीचे असावे आणि काय करायचे ते ठाऊक असावे.

काय करायचे? घाबरून हातपाय झाडायचे नाहीत. कयाक उलटली की, क्षणभर डोके खाली, पाय वर अशी अवस्था होते. श्वास रोखायचा, दोन्ही हातांनी होडीची कड धरायची, पाय सोडवायचे आणि पुढे ढकलून बाहेर यायचे. लाइफ जॅकेट आपोआप वर आणते. वर आल्यावर होडी सोडायची नाही, वल्हेही सोडायचे नाही. काठ कितीही जवळ वाटला तरी एकट्याने पोहत निघायचे नाही. होडी उलटी झाली तरी तरंगते. ती आपला आधार आहे. मदत येईपर्यंत तिला धरून राहायचे.

हे सारे होते अर्ध्या मिनिटात. पण त्या अर्ध्या मिनिटात मुलाच्या मनातले काहीतरी बदलते. ज्या गोष्टीची भीती होती ती घडून गेलेली असते आणि आपण जिवंत आहोत, हेही कळलेले असते. दुसऱ्यांदा होडीत बसताना हात थरथरत नाहीत. पोहण्याच्या परीक्षेने जे होत नाही ते या एका बुडीने होते.

उजवा हात दांडगा, होडी गोलगोल

दुसरा धडा अहंकार उतरवणारा. जोरात वल्हे मारले की होडी जोरात जाईल, असे वाटते. होडी मात्र गोल फिरू लागते. कारण साधे आहे. उजव्या हाताच्या माणसाचा उजवा फटका नकळत जोरात बसतो आणि नाक डावीकडे वळते. मग घाईने डावीकडे जोर लावायचा, की होडी उजवीकडे. अशी नागमोडी वळणे घेत पन्नास मीटरला शंभर मीटर खर्च होतात. बाजूने एखादी दुसऱ्या वर्षाची किडकिडीत मुलगी आरामात पुढे निघून जाते. तालमीत कमावलेले दंड तिथे काही कामाचे नाहीत!

गुपित असे की, कयाक दंडाने चालत नाही. ती कमरेच्या पिळाने चालते. पाते पायाच्या बोटांजवळ पाण्यात घालायचे, पूर्ण बुडवायचे, धड वळवत मागे आणायचे आणि कमरेपाशी आले की बाहेर काढायचे. कमरेच्या मागे ओढत राहिले तर तो ब्रेक ठरतो. नजर होडीच्या टोकावर नाही, तर दूर काठावरच्या एखाद्या झाडावर. सायकल शिकताना चाकाकडे पाहणारा पडतो, तसेच हे. आणि मूठ सैल. वल्हे घट्ट आवळणाऱ्याच्या तळहाताला दुसऱ्याच दिवशी फोड येतात. सुटीत घरी गेल्यावर आई त्या हातांना कोकमाचे तेल चोळते आणि म्हणते, "इंजिनियर व्हायला गेलास की गवंडी?"

शेलची तऱ्हा आणखी निराळी. तिच्यात बैठक रुळांवर पुढे-मागे सरकते. पाहणाऱ्याला वाटते, हात ओढताहेत. खरा जोर मात्र पायांचा असतो. क्रम ठरलेला: आधी पायांचा रेटा, मग पाठ, शेवटी हात. परत येताना उलटे: आधी हात, मग पाठ, मग गुडघे. हा क्रम अंगात मुरायला आठवडे लागतात. म्हणून आधी काठावर, वल्हवण्याच्या यंत्रावर घाम गाळायचा, मग पाण्यात. पाते पाण्याला कापत असताना तिरके राहिले तर पाणी ते गच्च पकडून ठेवते आणि वल्ह्याची मूठ पोटावर आदळते. या अपघाताला जगभरचे नौकापटू 'खेकडा पकडला' म्हणतात. ज्याने खेकडा पकडला नाही, तो शिकलाच नाही!

चौघांचा एक श्वास

खरी परीक्षा चौघांच्या शेलमध्ये. इथे कोणी एकटा हुशार असून भागत नाही. चौघांची पाती एकाच क्षणी पाण्यात जायला हवीत, एकाच क्षणी बाहेर यायला हवीत. एक जण अर्धा क्षण आधी ओढू लागला तरी होडी कलते. सगळ्यांत दांडगा गडी घाई करत असेल तर होडी त्याच्यामुळेच हळू होते. मागे बसणाऱ्याने पुढच्याची पाठ पाहायची आणि तिच्या हालचालीशी आपली हालचाल जुळवायची. बोलणे नाही, भांडण नाही.

वर्गात पहिल्या नंबरासाठी झटत वाढलेल्या मुलांना हे नवे असते. दहावीला, बारावीला शेजारचा हा स्पर्धक असतो. इथे शेजारच्याची चूक आपली चूक ठरते आणि त्याचा दम आपला दम. वसतिगृहात वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेली, वेगवेगळ्या बोलीत बोलणारी चार मुले पहाटे साडेपाचला एकमेकांना उठवायला जातात. कारण एकजण झोपला तर होडी पाण्यात उतरतच नाही. घड्याळाच्या गजराला दाद न देणारा मुलगा मित्राच्या हाकेला उठतो, हे घरच्यांना सांगूनही पटत नाही.

मशालींची रात्र

या सगळ्या कष्टांचे चीज होते ते रेगाटाच्या दिवशी. साधारण मार्चमध्ये, परीक्षांचा घोर लागण्याआधी, मुळेचा काठ गर्दीने भरतो. शर्यती असतातच. पण पुणेकर येतात ते पाण्यावरच्या कसरती पाहायला. संगीताच्या तालावर कयाक एकमेकींत गुंफत, सुटत, वर्तुळे आणि नक्षी काढतात. हा कयाक बॅले. पंट होड्यांच्या रचना होतात. बाणाच्या आकारात होड्यांची रांग पाणी कापत येते, त्याला अॅरो फॉर्मेशन म्हणतात. अंधार पडला की मशाली पेटतात आणि त्यांच्या नाचाचे प्रतिबिंब नदीत थरथरते.

काठावर गावाकडून आलेले आईवडील उभे असतात. अंधारात आपले लेकरू नेमके कोणत्या होडीत आहे, हे त्यांना कळत नाही. पण एकही होडी रांग सोडत नाही, एवढे दिसते. "काय करतोस नदीवर?" या वर्षभराच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना न बोलता मिळून जाते.

विहीर खणणारा मुलगा

याच पुण्यात, याच मुळेच्या वरच्या अंगाला दापोडीजवळ आणखी एक कॉलेज आहे. सैन्याचे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनियरिंग. तिथे सैन्याचे नौकानयन केंद्र आहे आणि शर्यतींसाठी सरळ कृत्रिम जलमार्गही. तिथल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट प्रत्येक नवख्याने ऐकावी.

नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे गाव. कायमचा दुष्काळी मुलूख. तिथला दत्तू भोकनळ लहानपणापासून वडिलांबरोबर विहिरी खणायच्या, दगड फोडायच्या कामावर जायचा. २०११ मध्ये वडील गेले आणि घराचा भार त्याच्यावर आला. २०१२ मध्ये तो सैन्यात दाखल झाला. उंचापुरा बांधा पाहून त्याला नौकानयनाकडे वळवण्यात आले. ज्याने पाणी शोधण्यासाठी जमीन खणली, त्याला पाण्यावर बसायची मात्र भीती वाटे, असे त्याने स्वतःच सांगितले आहे.

पुढचा प्रवास पाहा. २०१४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्ण. २०१५ मध्ये बीजिंगच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत एकट्याच्या होडीत रौप्य. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला गेलेला तो भारताचा एकमेव नौकापटू. घरी आई अपघातानंतर आजारी आणि मुलगा दोन हजार मीटरच्या पाण्यावर जगाशी झुंजतो आहे. तो तेरावा आला. पदक नव्हते, पण वल्हे हातात घेऊन चारच वर्षे झालेल्या मुलासाठी तो आकडा लहान नव्हता.

सगळ्यांत मोठा धडा मात्र २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेतला. पालेमबंगला एकट्याच्या शर्यतीत तब्येतीने दगा दिला आणि दत्तू शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, सवर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर तो चौघांच्या होडीत बसला. त्या होडीने सुवर्णपदक जिंकले. एकट्याची ताकद संपली तिथे चौघांची एकजूट कामी आली. २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. विहिरीच्या तळाशी सुरू झालेली गोष्ट पाण्याच्या वर येऊन पूर्ण झाली.

मुलींनी का मागे राहावे?

ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे नौकानयन १९०० पासून आहे. स्त्रियांना मात्र १९७६ च्या माँट्रियलपर्यंत वाट पाहावी लागली. कयाकचे दार त्यांच्यासाठी थोडे आधी, १९४८ मध्ये लंडनला उघडले. आज या खेळात मुली मागे नाहीत. होडीला ताकदीइतकाच तोल लागतो, धीर लागतो आणि ताल लागतो.

मध्य प्रदेशच्या प्राची यादवचे उदाहरण घ्या. जन्मापासून पायांत बळ नाही. आधी पोहणे, मग भोपाळच्या तलावावर पॅरा कनू. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये तिने अंतिम फेरी गाठली आणि २०२३ मध्ये हांगझाऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. जमिनीवर चाकाच्या खुर्चीत बसणारी ही मुलगी पाण्यावर बसली की इतरांच्या बरोबरीची होते, किंबहुना पुढे जाते.

तरीही घरोघरी शंका असतेच. ऊन लागेल, काळी पडेल, ओल्या कपड्यांत कशी वावरेल? सकाळच्या सरावाला कोवळे ऊन असते. अंगाला बसणारा सुती किंवा पोहण्याचा पोशाख पुरतो. ओढणी आणि सैल सलवार मात्र होडीत धोक्याची, कारण उलटताना ती अडकू शकते. उरला रंगाचा प्रश्न. तळहाताचे घट्टे आणि नाकावरचा रापलेला रंग हे या मुलींना दागिन्यासारखे वाटतात.

पण नदीच आजारी आहे

इथवर सारे छान. पण संगमाच्या काठावर उभे राहिले की, नाकाला जे कळते ते लपवता येत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन शहरे झपाट्याने वाढली आणि त्यांचे सांडपाणी नद्यांच्या पोटात गेले. त्यातला मोठा वाटा शुद्ध न होताच जातो. पाण्यात खत मिसळले की माजते ती जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही पाहुणी. जांभळी फुले देखणी, करणी मात्र विषारी. सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर ती पोसते आणि दोन-तीन आठवड्यांत पसारा दुप्पट करते. उन्हाळ्याच्या तोंडाला पाहता पाहता नदीचे हिरवे कुरण होते. त्यात वल्हे घातले तर ते पाण्याला लागतच नाही, मुळांच्या जाळ्यात रुतते. सरावाची वेळ जलपर्णी बाजूला करण्यात जाते, असे दिवसही या मुलांनी पाहिले आहेत.

उपाय कागदावर आहेत. २०१६ मध्ये जपानच्या 'जायका' संस्थेच्या कर्जातून मुळा-मुठा शुद्धीकरणाचा करार झाला. खर्चाचा अंदाज सुमारे ९९० कोटी रुपयांचा. नवी मैलाशुद्धीकरण केंद्रे, नव्या वाहिन्या असा मोठा बेत. काम मात्र वर्षानुवर्षे रखडत राहिले. नदीकाठ सुशोभित करण्यावरही पुण्यात कडाक्याचे वाद झाले. आधी पाणी स्वच्छ करा, मग काठ सजवा, असे नदीप्रेमी म्हणत राहिले.

या वादात बोट क्लबच्या मुलांचे स्थान वेगळे आहे. बाकीचे पुणेकर नदी पाहतात ती पुलावरून, गाडीची काच वर करून. ही मुले तिच्यात उतरतात. आज फेस कुठून आला, पाण्याचा रंग कधी बदलला, कोणत्या ओढ्याच्या मुखाशी वास वाढला, हे त्यांना रोज दिसते. उद्या यांच्यातलेच काही महानगरपालिकेत, जलसंपदा खात्यात, सल्लागार कंपन्यांत अभियंते होतील. मैलाशुद्धीकरणाच्या नकाशावर सही करताना त्यांना आपल्या नाकातोंडात गेलेले मुळेचे पाणी आठवेल काय? आठवले तर या बोट क्लबने शहराला दिलेली ती सर्वांत मोठी देणगी ठरेल. आणि नाही आठवले, तर एक दिवस शिकायला मुले असतील, शिकवायला दादा-ताई असतील, होड्याही असतील. फक्त पाणी उरलेले नसेल.

शिकायला निघालात? मग हे ध्यानात ठेवा

● पोहणे आधी, होडी नंतर. निदान पन्नास मीटर न थांबता पोहता यायला हवे आणि पाण्यात काही मिनिटे तरंगत राहता यायला हवे.

● लाइफ जॅकेट अंगाला नेटके बसणारे हवे. खांद्याजवळ धरून वर ओढले तर ते हनुवटीपर्यंत सरकता कामा नये. सैल जॅकेट म्हणजे नसलेले जॅकेट.

● एकट्याने कधीही पाण्यात जाऊ नये. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले असेल तर नदीकडे फिरकूही नये. संथ दिसणारे पाणी तासाभरात रूप बदलते.

● फिट येणे, हृदयविकार, दमा किंवा पाठीचे जुने दुखणे असेल तर डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा आणि शिकवणाऱ्यांना ते मोकळेपणाने सांगावे. लपवण्यात मर्दुमकी नाही.

● नदीचे पाणी तोंडात जाऊ देऊ नये. हातापायाला जखम असेल तर ती भरेपर्यंत सराव बंद ठेवावा. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. सराव संपताच साबणाने आंघोळ करावी. पाण्यात उतरल्यानंतर काही दिवसांनी ताप, अंगदुखी, डोळ्यांत लाली असे दिसले तर लेप्टोस्पायरोसिसची शंका असते. डॉक्टरांना नदीत उतरल्याचे आवर्जून सांगावे.

● चष्मा असेल तर त्याला मागून दोरी बांधावी. नदीच्या तळाशी गेलेला चष्मा परत आल्याचे कोणी ऐकलेले नाही!

● सरावाआधी पोटभर खाऊ नये, उपाशीही जाऊ नये. एक केळे किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ पुरे. परतल्यावर मात्र पोह्यांच्या दोन बशा हक्काच्या.

पाठमोरे, पण पुढे

साडेसात वाजतात. होड्या पुन्हा खांद्यावर चढतात, पुसल्या जातात, शेडमध्ये आपापल्या जागी जातात. ओले केस, लाल झालेले तळहात आणि सपाटून लागलेली भूक घेऊन मुले वर्गाकडे निघतात. पहिल्या तासाला फळ्यावर प्रवाहाचे समीकरण लिहिले जाते तेव्हा मागच्या बाकावरची नवखी मुलगी गालातल्या गालात हसते. काही वेळापूर्वी ती त्याच समीकरणात उलटी पडली होती.

संध्याकाळी तिचा घरी फोन होईल. आई तोच प्रश्न विचारील. आज मात्र तिच्याकडे उत्तर असेल. "आई, आज बुडाले. आणि वर आले!"